माल्टसाठी बर्फ

प्रोफेसर आसोग्वांना एका बाईची सात वर्षं मातीत घालायची होती, आणि त्यासाठी त्यांनी पाहुणचार वापरला. दुसरा कोणी असता तर भांडला असता, तक्रारअर्ज लिहिले असते, कुलगुरूंच्या दारात ठाण मांडलं असतं. आसोग्वांनी फक्त बाटल्या गार करायला सांगितल्या.

सांगितल्या मला. म्हणून ही हकिगत मला इतरांपेक्षा जरा जास्त ठाऊक आहे.

उमुओकाच्या विद्यापीठात औषधनिर्माण विभागाचं प्राणिगृह माझ्या ताब्यात आहे. बावीस वर्षं. कोणता उंदीर कोणाला दिला, कधी दिला, परत आला तर कुठल्या अवस्थेत, हे सगळं माझ्या वहीत असतं. आसोग्वा मला 'चीफ' म्हणतात. आमच्याकडे चीफ हा थोर मान, त्यासाठी लोक गाई कापतात, गावजेवणं घालतात. आसोग्वा तो मान मला फुकट देतात, आणि चार माणसं जमली की मगच. "काय चीफ, प्रजा मजेत ना?" मी हसतो. हसलो किती वेळा, तेही माझ्याकडे लिहिलेलं आहे, पण त्या वहीत नाही.

आता ती बाई. ओलाएदो एझेआनी. वय चौतीस, जीभ त्याहून जुनी. सकाळी प्राणिगृहात आली की नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट "बत्तीस नंबर कुठाय?" एकदा माझ्या माणसानं पिंजऱ्यावरची चिठ्ठी उलटी लावली, तर हिनं मला विचारायच्या आधी डीनना लेखी कळवलं. हेही मी विसरलेलो नाही. तेव्हा मी तिच्या बाजूचा होतो असं कोणी समजू नये. त्या विभागात कोणी कोणाच्या बाजूचं नसतं. फक्त कोण कोणाच्या विरुद्ध आहे एवढंच ठरलेलं असतं.

आमच्या भागात ताडी काढणारे झाडावरून पडतात. पाठीचा कणा दुखावतो आणि माणूस कमरेखाली जातो तो जातोच. औषध आहे, पण शिरेतून दिलं तर सगळ्या अंगात फिरतं, पोट जाळतं, साखर चढवतं, आणि मज्जारज्जूपर्यंत पोचता पोचता चमचाभरही उरत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या दारावरचा पहारा कडक असतो. ओलाएदोनं काय केलं, औषध एका जेलमध्ये, जेलीसारख्या पदार्थात, घातलं. थंड असताना ते पाण्यासारखं पातळ. बारीक सुईनं कण्याच्या आत सोडायचं. अंगाची ऊब लागली की तिथल्या तिथे घट्ट होऊन बसतं आणि चौदा दिवस थोडं थोडं औषध झिरपत राहतं. सगळ्यांना वाटायचं हिचा बाप पडला असणार झाडावरून. बाप सिमेंट विकतो, धडधाकट आहे.

ती आली होती आसोग्वांची विद्यार्थिनी म्हणूनच. आसोग्वांचंही एक जेल होतं, ओफोरच्या बियांचं. या बिया आमच्या बायका रस्सा दाट करायला वापरतात. त्या बियांवर आसोग्वांनी बारा निबंध लिहिले आणि प्रोफेसर झाले. निबंधात चाळीस उंदीर आहेत. माझ्या वहीत बारा. अठ्ठावीस उंदीर कुठून आले हे मला कोणी विचारलं नाही, मीही सांगायला गेलो नाही. ओलाएदोनं तेच जेल पुन्हा करून उंदरांना टोचलं, तर एका दिवसात नव्वद टक्के औषध बाहेर. चौदा दिवसांचं नाव नको. तिनं ते प्रबंधात लिहिलं. चौथं प्रकरण, एक वाक्य, खाली तक्ता.

आसोग्वा म्हणाले, "हे वाक्य काढ."

ती म्हणाली, "सर, वाक्य काढलं तरी तक्ता राहील."

"तक्ताही काढ."

"मग उंदीरही काढायला लागतील."

त्या दिवसापासून तिनं मार्गदर्शक बदलला आणि आसोग्वांनी चाल बदलली. पुढच्याच वर्षी ते विभागप्रमुख झाले. तिचे अर्ज त्यांच्या टेबलावर पिकायला पडायचे. संप झाले, बंद झाले, त्यात दोन वर्षं गेली. नोंदणी दोनदा वाढवून मिळाली. तिसऱ्यांदा मिळत नाही. मुदत संपणार होती मार्चच्या अखेरच्या शुक्रवारी, आणि व्हायवा ठरला त्याच आठवड्यात, बुधवारी. हिशेब सोपा होता. समितीनं 'किरकोळ दुरुस्त्या' असा शेरा दिला तर ती डॉक्टर. 'मोठ्या दुरुस्त्या' म्हणजे सहा महिने, म्हणजे नोंदणी बाद, म्हणजे पहिल्या पायरीवरून पुन्हा, आणि पहिल्या पायरीवर आसोग्वा बसलेले.

व्हायवाला प्रात्यक्षिक नसतं. आसोग्वांनी ते घालून घेतलं. बैठकीत म्हणाले, "एवढ्या बारीक सुईतून जेल जातं असा उमेदवाराचा दावा आहे. बाहेरच्या परीक्षकांसमोर स्वतःच्या हातानं दाखवू दे. आम्हालाही शिकायला मिळेल." ते नम्र झाले की मी दार कुठाय ते बघून ठेवतो.

बुधवारी सकाळी लाइट जाऊन चार दिवस झाले होते. जनरेटर होता, पण तो प्रोजेक्टरपुरता. खोलीत पस्तीस डिग्री, आणि तिचं जेल सत्तावीसला घट्ट होणारं. तिनं पहाटे बाजारातल्या मासळीच्या शीतगृहातून बर्फाची लादी आणली आणि निळ्या पेटीत फोडून भरली. तीन सिरिंज प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात पुरल्या. सगळ्या पॅसेजला बांगड्यांचा वास.

"काका," मला म्हणाली, "पेटी तुमच्या डोळ्यांसमोर ठेवतेय. मी आत असेन. झाकण उघडायचं नाही."

"प्लीज म्हणायची पद्धत असते."

"प्लीज. आणि झाकण उघडायचं नाही."

परीक्षक बाई दहाला येणार होत्या, आल्या एकला. प्रोफेसर तलातू मैगारी, उत्तरेकडच्या. मकुर्डीच्या रस्त्यानं आल्या होत्या. त्या रस्त्यावर नाके किती आणि खड्डे किती याची पैज लावता येते. उंच, काटक, डोक्यावरून घट्ट ओढलेला रुमाल. गाडीतून उतरल्या, घड्याळ बघितलं, स्वतःच्या उशिराबद्दल माफी मागितली नाही आणि थेट विचारलं, "खोली कुठे आहे?"

त्यांचा ड्रायव्हर सुले. मी त्याला पाण्याची पिशवी दिली. त्यानं ती डॅशबोर्डवर ठेवली.

"पी की. घशाला कोरड पडली असेल."

"संध्याकाळी, काका. रोजा आहे."

"मॅडमचाही?"

"मॅडमचा तर आधी. वाटेत तीनदा म्हटलं, प्रवासात सूट असते, सोडा. मला म्हणाल्या, तू गाडी चालव."

मी ऐकलं आणि खिशात टाकलं. कारण आठ दिवस आसोग्वा सगळ्या विभागाला डोस पाजत होते. "बिअरची एकही बाटली दिसता कामा नये! पाहुण्या मुसलमान आहेत. दुसऱ्याच्या धर्माचा मान राखायला शिका जरा. माल्ट ठेवा, बिनदारूचं, फक्त माल्ट." कार्यक्रमपत्रिकेत सातवी बाब म्हणजे खाणंपिणं, ती उमेदवारानं करायची असते, पण आसोग्वांनी त्यात जातीनं लक्ष घातलं होतं. चोवीस बाटल्या माल्ट, पातेलंभर जोलोफ भात, बोकडाचं मटण. बिअरचा विचार केला. महिना कोणता चाललाय याचा केला नाही. आमच्या गावात मशीद एकच, तीही बाजाराच्या पलीकडे. इथल्या माणसाला मुसलमान म्हटलं की काय पीत नाही ते आठवतं, कधी पीत नाही ते आठवत नाही.

दीडला व्हायवा सुरू झाला. ओलाएदो आत उभी राहून स्लाइड दाखवत होती. मी बाहेर, पायाशी निळी पेटी, मांडीवर उंदराचा पिंजरा. अर्ध्या तासानं दार उघडून आसोग्वा बाहेर आले. अध्यक्ष होते, अध्यक्षाला कोण विचारणार कुठे चाललात? स्वयंपाकाची बाई, न्कोलीची आई, बाटल्या मांडत होती. आसोग्वांनी एक बाटली गालाला लावली.

"ही काय कढत! पाहुण्यांना कढत माल्ट पाजणार?"

"सर, बर्फ कुठून आणू? चार दिवस लाइट नाही, बाजारातली लादी सकाळी हीच पोरगी घेऊन आली," न्कोलीची आई म्हणाली.

"मग तर प्रश्नच मिटला." त्यांनी माझ्या पायाशी बघितलं. ती पेटी त्यांनी सकाळपासून चारदा बघितली होती. मी मोजलं होतं. "चीफ, त्या सिरिंज बाहेर काढा. ट्रेमध्ये नीट ठेवा, वर रुमाल घाला. नाजूक वस्तू आहेत. बाटल्या पेटीत."

"सर, ते औषध गरम झालं तर..."

"तर काय होईल? शरीराच्या उष्णतेत चौदा दिवस टिकतं म्हणून तिनं तीनशे पानं लिहिलीत. खोलीच्या उष्णतेत तासभर टिकणार नाही होय?" माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाहुण्यांपुढे विभागाची लाज आहे, चीफ. आणि सातव्या बाबीतला बर्फ हा विभागाचा बर्फ."

माझ्याजवळ त्या घटकेला एकच वाक्य होतं, चार शब्दांचं: सर, बाईंचा रोजा आहे. ते बोललो असतो तर बर्फ जागेवर राहिला असता, जेल पातळ राहिलं असतं आणि ही गोष्ट सांगायला मी बसलो नसतो. पण मला दिसत होतं ते वेगळंच. आसोग्वा गार बाटली स्वतःच्या रुमालानं पुसून पुढे करताहेत, आणि ती काटक बाई नाही म्हणते आहे. ते वाक्य मी गिळलं. चव चांगली लागली, खोटं कशाला बोलू.

सिरिंज मी माझ्या हातानं काढल्या. ट्रेमध्ये ठेवल्या. वर रुमाल घातला.

तीनला मला पिंजरा आणि ट्रे घेऊन आत बोलावलं, मागून न्कोलीची आई पेटी घेऊन आली. प्रश्न चालू होते आणि हवा चांगलीच तापली होती. समितीत आसोग्वा, तलातू मॅडम, आणि डीन एझुग्वू; डीन म्हणजे पोटानं मोठे, मधुमेहानं पोखरलेले आणि भांडणाच्या नावानं डुलकी घेणारे.

आसोग्वा म्हणत होते, "चौथ्या प्रकरणात तुम्ही एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाचं काम खोटं ठरवलंय. नाव न घेता. हे धाडस म्हणायचं की भित्रेपणा?"

"नाव घेऊ का, सर?" ओलाएदो म्हणाली.

डीन जागे झाले. तलातू मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "ते वाक्य मी तीनदा वाचलंय. तक्ता बरोबर आहे. पुढे चला."

आसोग्वांच्या चेहऱ्यावर माशी बसून उडावी तेवढं काहीतरी हललं. मग ते हसले. "पुढे म्हणजे प्रात्यक्षिक. पण त्याआधी, मॅडम, तुम्ही सहा तास प्रवास करून आलात. आम्ही रानटी नाही." त्यांनी खूण केली. न्कोलीच्या आईनं पेटीतून बाटली दिली. आसोग्वांनी ती रुमालानं पुसली, झाकण स्वतः उघडलं आणि दोन्ही हातांनी पुढे केली. अगदी माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं तसंच. "बर्फासारखी गार आहे. बिअर मुद्दाम ठेवली नाही."

तलातू मॅडमनी बाटलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "माझा रोजा आहे, प्रोफेसर."

 शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. आसोग्वांनी हात दाखवून अवलक्षण केलं. "पण प्रवाशाला सूट असते ना तुमच्यात? मी वाचलंय. एक घोट घेतला तर..."

"सूट मला माहीत आहे. ते माझं आणि देवाचं ठरलंय. तिथे अध्यक्षाची जागा रिकामी नाही."

डीनना खोकला आला. मी पिंजऱ्याकडे बघत होतो. माझं बावीस वर्षांचं येणं त्या वाक्यात फिटलं असं मला वाटलं, आणि नेमकं तेव्हाच ओलाएदोनं ट्रेवरचा रुमाल उचलला.

तिनं पहिली सिरिंज घेतली. दट्ट्या दाबला. हलला नाही. उजेडासमोर धरली. आत जेल पांढुरकं, घट्ट, पीठ वाफवून केलेल्या ओक्पाच्या वडीसारखं बसलेलं. दुसरी घेतली. तिसरी.

"बर्फ कुठाय?" ती मला म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला.

मी पेटीकडे बोट केलं. पेटीतून बाटल्यांच्या माना वर आलेल्या, घाम फुटलेल्या.

"कोणी काढल्या?"

"मी."

"कोणी सांगितलं?"

 सगळे बाटलीकडे बघत होते, आणि बाटली आसोग्वांच्या हातात होती.

"मॅडम, कृपया नोंद व्हावी," आसोग्वा म्हणाले. आता त्यांचा सूर स्थिरावला होता. "प्रात्यक्षिक फसलं. उमेदवाराचं जेल सुईतच घट्ट झालं. ओक्पा एकदा शिजला की त्याचं पीठ होत नाही. दावा सिद्ध होत नाही, तेव्हा मोठ्या दुरुस्त्या. मला वाईट वाटतं."

तलातू मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

ओलाएदो उठली. पेटीशी गेली. एकेक बाटली काढून आसोग्वांच्या समोर टेबलावर ठेवू लागली. टक. टक. टक. तेवीस बाटल्या, चोविसावी त्यांच्या हातातच. ओल्या बाटल्यांचं पाणी त्यांच्या कागदांखाली शिरलं. मग उरलेल्या बर्फात तिनं तिन्ही सिरिंज खुपसल्या आणि घड्याळ बघितलं.

"बारा मिनिटं."

"कशाला?" आसोग्वा हसले. "आपल्याकडे प्रेतं सहा-सहा महिने बर्फात ठेवतात, बाई. ताजी राहतात. उठून कोणी बसलेलं ऐकलं नाही."

"ओफोरचं जेल उठत नाही, सर. ते एकदा गेलं की गेलं. माझं उठतं. पाचवं प्रकरण. तुम्ही चौथ्यावर थांबलात."

त्या बारा मिनिटांत तलातू मॅडम पाचवं प्रकरण चाळत होत्या. डीन मटणाच्या पातेल्याच्या दिशेनं नाक लावून बसले होते. आसोग्वांची चूक माझ्या लक्षात येत होती आणि मजा अशी की ती स्वयंपाकघरातली चूक होती. जन्मभर ओफोर आणि ओक्पा बघितलेल्या माणसाला घट्ट झालेलं पुन्हा पातळ होतं हे पटतच नाही. बियांवर प्रोफेसर झाल्यावर तर मुळीच नाही.

बारा मिनिटांनी ओलाएदोनं सिरिंज काढली, झटकली. आतलं पाणी डुचमळलं.

"काका, उंदीर."

मी उंदराला आधीच गुंगीत ठेवलं होतं. पाठ कमानीसारखी वाकवून धरली.  सुई दोन मणक्यांच्या फटीत गेली. शेपूट एकदाच बाजूला उडालं. सुई नेमकी आत पोचली की असं होतं, आणि हे फसवून करता येत नाही. दट्ट्या लोण्यातून जावा तसा गेला.

"बघू," तलातू मॅडम म्हणाल्या आणि तळहात पुढे केला. ओलाएदोनं दुसऱ्या सिरिंजमधला थेंब त्यावर सोडला. थेंब मनगटाकडे ओघळला, अर्ध्या वाटेत रेंगाळला आणि थांबला. मॅडमनी हात उलटा केला. थेंब पडला नाही.

मला वाटलं, संपलं. पण ती बाई कोणाच्या बाजूची नव्हती.

"आता मला सांग," थेंब रुमालाला पुसत त्या म्हणाल्या. "तुझ्या गावातला ताडीवाला पडला. गावातल्या दवाखान्यात नर्स आहे, चाळीस डिग्री उन्हाळा आहे, लाइट चार दिवस नाही. बर्फ कोण आणून देणार? हे अध्यक्ष?"

"ज्या देशात प्रोफेसरांच्या माल्टला बर्फ मिळतो," ओलाएदो म्हणाली, "त्या देशात कण्यालाही मिळायला हवा."

डीन हसले. तलातू मॅडम हसल्या नाहीत. "हे भांडणातलं उत्तर झालं. मी प्रबंधातलं विचारतेय. घट्ट होण्याचं तापमान वाढवता येतं का?"

ओलाएदो पहिल्यांदाच थांबली. "येतं. तेहतीसपर्यंत."

"मग साध्या माठातल्या पाण्यावर काम भागेल. का नाही केलंस?"

"केलं. मग औषध चौदा दिवस टिकत नाही. नऊ दिवस टिकतं."

"प्रबंधात कुठे आहे?"

"नाही."

"का?"

"चौदाचा आकडा नियतकालिकांना आवडतो, मॅडम."

"आणि तुला?"

 आसोग्वा खुर्चीत पुढे सरकले. त्यांना पुन्हा रक्ताचा वास आला होता. "म्हणजे उमेदवारानं निष्कर्ष दडवले! मॅडम, ही तर..."

"दडवलेले निष्कर्ष हा या विभागाचा जुना रोग दिसतो," तलातू मॅडम म्हणाल्या. "फरक एवढाच की हिनं विचारल्यावर सांगितलं." त्यांनी फॉर्मवर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "किरकोळ दुरुस्त्या. नऊ दिवसांच्या जेलचा तक्ता आणि कच्चे आकडे प्रबंधात जोडावेत. शुक्रवारी सकाळपर्यंत. त्या तक्त्यात एक आकडा गोड केलेला दिसला, तर मी स्वतः पत्र लिहीन, बाई. तुझ्या मार्गदर्शकाला नव्हे, कुलगुरूंना."

सही केली आणि फॉर्म आसोग्वांकडे सरकवला.

आता राहिली अध्यक्षांची सही. तिच्याशिवाय फॉर्म कचेरीत घेत नाहीत. आसोग्वांनी तो उचलला, चष्मा लावला. "मला वाचायला वेळ लागेल. आधी जेवण उरकू. उद्या पहाटे मी अबुजाला जातोय, सोमवारी परतलो की शांतपणे..."

सोमवार. शुक्रवारनंतरचा सोमवार. 

तलातू मॅडमनी कार्यक्रमपत्रिका पुढे ओढली. "सहावी बाब, सह्या. सातवी बाब, खाणंपिणं. सहावी झाल्याशिवाय सातवी कशी घेता?"

"मॅडम, तो आपला एक प्रघात..."

"कागद तुमच्याच सहीनं निघालाय." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "सूर्य साडेसहाला मावळतो. तोपर्यंत मला कसलीच घाई नाही. वाचा तुम्ही, सावकाश."

चार वाजले होते. तो फॉर्म एका पानाचा. आसोग्वा वाचत बसले. साडेचारला न्कोलीच्या आईनं दारातून डोकावून विचारलं, "वाढू का?" आणि तशीच परत गेली. भातावरची वाफ गेली. मटणावर तुपकट साय धरली. पाहुणी उपाशी असताना यजमानांनी हात धुवायचा नसतो. आणि ही पाहुणी ताठ बसून होती, जशी काही आत्ताच न्याहारी करून आली आहे. ज्या माल्टनं बर्फ खाल्ला त्याच्या चोवीस बाटल्या आसोग्वांच्या पुढ्यात रांगेत, पुन्हा कढत होत चाललेल्या.

पाचला डीननी कपाळ पुसलं. "आसोग्वा, मी दुपारची गोळी घेऊन बसलोय. साखर उतरतेय माझी."

"एक परिच्छेद राहिलाय."

"परिच्छेद? त्यात दोन परिच्छेद आहेत एकूण! तासाभरात एक वाचलास?"

"नियमानुसार..."

"नियम गेला खड्ड्यात! हात बघ माझा, हात!" डीनचा हात खरंच लटपटत होता. "मी इथे आडवा झालो तर माझ्या बायकोला तू सांगायचंस, तुझा नवरा एका सहीपायी गेला म्हणून. ती तुझ्या घरासमोर येऊन बसेल. ओळखतोस ना तिला?"

आसोग्वा तिला ओळखत होते. सगळं गाव ओळखतं. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी सही केली. पेनचं टोक कागदातून आरपार गेलं. "अभिनंदन, डॉक्टर," म्हणाले. शिवी देताना त्यांचा आवाज याहून गोड असतो.

तलातू मॅडमनी फॉर्म वाचून पाहिला, घडी घालून ओलाएदोच्या हातात दिला आणि उठल्या. "माझ्या वाटचं बांधून द्या. सुलेचंही." ओलाएदोनं आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळी. गोड न करता." आणि गेल्या.

जेवण उमेदवारानं वाढायचं असतं. ओलाएदोनं आधी डीनना वाढलं, मटणाचे दोन जादा तुकडे घालून. आसोग्वांना भरलेलं ताट दिलं. त्यांनी ते खाली बघूनच घेतलं. पाहुण्यांचे डबे बांधून गाडीपर्यंत पोचवायला ती स्वतः गेली, आणि परत यायला जरा वेळ लागला.

मग माझ्यासमोर ताट घेऊन उभी राहिली. उंदीर माझ्या मांडीवर शुद्धीत येत होता.

"काका, सुले म्हणतो, त्यानं तुम्हाला एक वाजताच सांगितलं होतं. रोज्याचं."

"हो."

"म्हणजे बाटल्या पेटीत टाकताना तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग?"

प्रमुखांचा हुकूम होता, असं म्हणता आलं असतं. मी तोंड उघडलं होतं, असंही म्हणता आलं असतं. अर्धं उघडलं होतंच. पण त्या दिवशी खोटे आकडे सांगणाऱ्यांची गर्दी आधीच बरीच झाली होती.

"मला आसोग्वांचं तोंड बघायचं होतं," मी म्हणालो.

"बघितलंत?"

"बघितलं."

"मग जेवा." ताट माझ्या बाजूला ठेवलं आणि ती न्कोलीच्या आईला वाढायला गेली.

मी जेवलो. भूक लागली होती.